मिनिटाला अकरा थेंब

वकील फुकट सल्ला देतात हे वाचल्यापासून नानांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

झालं होतं एवढंच, की सूनबाईने एका लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून अर्ज करायचं ठरवलं होतं. ट्रेनी म्हणजे वकिलीची परीक्षा पास झालेला, पण कोर्टात एकटं सोडायचा धीर अजून कुणाला होत नाही असा मनुष्य. त्या फर्मने आपल्या वेबसाइटवर अर्जदारांसाठी एक पान टाकलं होतं. सगळीकडे एकच पत्र पाठवू नका. आमच्याकडेच का यायचं आहे ते सांगा. एका पानात आटपा. काही लपवू नका. लपवलेलं आम्हाला सापडतं, कारण आमचा तो धंदाच आहे.

सूनबाईला हे पान फार आवडलं. नानांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वकील," ते म्हणाले. "आणि फुकट सल्ला. यात काहीतरी काळंबेरं आहे."

नानांना असं म्हणायचा अधिकार होता. एकतीस वर्षं त्यांनी दस्तनोंदणी कार्यालयात लोकांची कागदपत्रं तपासली होती. तिथे त्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे. पाठीमागे म्हणतात असा त्यांचा समज होता, पण तोंडावरही म्हणायचे. खोटी सही, जुनी दाखवलेली नवी शाई, मेलेल्या माणसाने दिलेली संमती, सगळं त्यांच्या टेबलापाशी येऊन अडकायचं. दस्तात दोनच गोष्टी अक्षम्य, असं ते मानत: खाडाखोड झाली आणि तिच्याशेजारी सही नाही, ही एक, आणि कागदावर रिकामी सोडलेली जागा, ही दुसरी. रिकाम्या जागेत उद्या कोण काय घुसडील याचा नेम नाही, म्हणून तिथे लगेच तिरकी रेघ मारायची. निवृत्तीनंतर हा बंदोबस्त घरात सुरू झाला. किराणाच्या यादीखाली तिरकी रेघ. दूधवाल्याच्या कार्डावर तिरकी रेघ. नातीचा, म्हणजे बिट्टीचा, जन्मदाखला त्यांनी तीनदा दुरुस्तीला परत पाठवला होता, आणि चौथा हातात आल्यावर त्यांना तिसराच बरोबर होता असं वाटू लागलं होतं.

आता या घरात एक अर्ज लिहिला जाणार होता, आणि अर्जात एक रिकामी जागा होती. परीक्षा पास झाल्यावर बिट्टी झाली, आणि त्यानंतरची दोन वर्षं सूनबाईने कुठेही नोकरी केलेली नव्हती.

या दोन वर्षांचं काय करायचं, यावर जेवणाच्या टेबलापाशी सभा भरली. वरच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, रोज सकाळी पेपर वाचायला खाली येत. त्यांच्या घरी पेपर येत नव्हता, कारण नानांकडे येत होता.

"'स्वतंत्र अभ्यास' असं लिहा," मास्तर पेपरमागून म्हणाले. "भारदस्त वाटतं. आणि एक पान कसलं? नऊ पानं तरी हवीत. आम्ही शिक्षक घेताना आधी अर्ज हातात घेऊन वजन बघायचो."

"सुट्टीवर होते म्हणावं," माई म्हणाल्या. माई म्हणजे नानांच्या पत्नी. त्या स्वयंपाकघरातूनच सभेत भाग घेत.

"सुट्टी?" सूनबाई म्हणाली. त्या वेळी बिट्टी तिच्या पाठीवर चढून तिचे केस लगामासारखे ओढत होती.

"तिरकी रेघ मार," नाना म्हणाले. "विषय संपला."

मुलगा फिरतीवर होता. त्याने फोनवरून "तुला पटेल ते कर" एवढंच सांगितलं. सभेतला तो एकमेव उपयुक्त सल्ला होता, म्हणून त्याची नोंद कुणी घेतली नाही.

सूनबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि करायचं ते केलं. सहा दिवस, बिट्टी दुपारी झोपली की ती तिला खांद्यावर टाकायची (खाली ठेवलं की पोर जागी व्हायची) आणि उरलेल्या एका हाताने ते एक पान टाइप करायची. नाना दाराच्या फटीतून बघायचे. एक बोट शोधत शोधत अक्षरावर जायचं, मध्येच थांबायचं, बिट्टीला थोपटून परत यायचं. सहाव्या दिवशी त्यांना वाटलं, हे पान जर कुणा ठकसेनाच्या हाती गेलं तर आपल्या एकतीस वर्षांना काय अर्थ राहिला?

आणि त्यांनी तपासणीचा निर्णय घेतला. अर्थात गुप्त.

त्या फर्मच्या पाटीवर 'पहिली भेट विनामूल्य' असं लिहिलेलं त्यांनी फोटोत पाहिलं होतं. म्हणजे अशील होऊन आत शिरता येणार होतं. फक्त त्यासाठी एखादा तंटा हवा होता, आणि नानांचा जगात कुणाशीही तंटा नव्हता. तंटा व्हायला आधी कशावर तरी सही करावी लागते. खूप विचार करून त्यांनी वर पाहिलं. जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला, बदकाच्या आकाराचा एक डाग होता. आठ वर्षांपूर्वी मास्तरांच्या मोरीतून पाणी झिरपलं होतं, तेव्हाचा. तेव्हापासून तो ठणठणीत कोरडा होता. बिट्टी त्याला रोज हात हलवून टाटा करायची.

मंगळवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. "चष्म्याचा नंबर बघून येतो," असं घरी सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण फर्मच्या खालीच चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्या पाटीवरचा नंबर त्यांनी बघितला.

तिसऱ्या मजल्यावरची ती कचेरी त्यांना पाहताक्षणी संशयास्पद वाटली. भिंतीवरचं घड्याळ बरोबर चाललं होतं. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख उलटलेली नव्हती. कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं असणार म्हणून त्यांनी पानाला नख लावलं, तर हिरवा रस आला. नोकरीच्या उभ्या जन्मात त्यांनी इतकी बिनचूक कचेरी पाहिली नव्हती. कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्याशिवाय असं होणं शक्यच नव्हतं.

केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी आली आणि त्यांना एका छोट्या खोलीत घेऊन गेली. ती तिथली ट्रेनी होती. नानांनी खोटं नाव तयार ठेवलं होतं, पण तिने आधी दोन ओळखपत्रं मागितली आणि नावाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

"पाणी कधीपासून गळतंय, काका?"

"बरेच दिवस."

"बरेच म्हणजे? तारीख?"

नाना चमकले. हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. एकतीस वर्षं ते लोकांना हाच प्रश्न याच आवाजात विचारत आले होते. त्यांनी तारीख सांगितली. तिने विचारलं, धार लागते की थेंब? थेंब, तर किती? सकाळी जास्त की संध्याकाळी? आणि काय सांगावं, इतक्या नेटक्या प्रश्नांना मोघम उत्तरं देणं नानांच्या जिवावर आलं.

"मिनिटाला अकरा," ते म्हणाले. "घड्याळ लावून मोजलेत."

पेन्सिलवालीने ते लिहून घेतलं. मग तिने चार पानी फॉर्म पुढे ठेवला. नानांनी त्यातला शब्द न् शब्द वाचला, तिसऱ्या पानावरचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला, शेजारी सही केली, आणि अगदी शेवटी येऊन अडखळले. तिथे एक मोठी चौकट होती: 'विरुद्ध पक्षाचे नाव व पत्ता. आमच्यातर्फे पत्र पाठवायचे असल्यासच भरावी. अन्यथा रिकामी सोडावी.'

रिकामी सोडावी! नानांनी तिरकी रेघ मारायला पेन टेकवलं. मग वाटलं, माहिती ठाऊक असताना रेघ मारणं म्हणजे माहिती दडवणं. त्यांच्या टेबलापाशी असल्या दस्ताला ते उभंही राहू देत नसत. त्यांनी मास्तरांचं पूर्ण नाव, मजला आणि पिनकोड सुवाच्य अक्षरात लिहिला.

घरी येताना ते खुशीत होते. दोष एकच, तोही स्वल्पविरामाचा. फर्म खरी होती. निदान तसं दाखवण्यात पटाईत होती.

बुधवारी सूनबाईने पान आणि त्यासोबतचा फॉर्म पाठवण्याआधी नानांपुढे ठेवला. दोन वर्षांच्या जागी तिने लिहिलं होतं: 'या काळात मी माझ्या मुलीला वाढवलं. तिच्यामुळे मला अर्धवट झोपेत वाचायची, मध्येच सोडून परत त्याच ओळीवर यायची आणि आरडाओरडा चालू असताना शांत बोलायची सवय झाली आहे.' नाना ती ओळ वाचताना जरा थबकले आणि उगीचच चष्मा पुसत बसले. मग पुढे गेले. प्रश्न क्रमांक चौदा: 'तुमचे कोणी नातेवाईक आमचे अशील आहेत का?' उत्तर: 'नाही.'

नानांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी ते अशील नव्हते. ते तपासणीला गेले होते. पाणीपुरवठ्याचा माणूस मीटर बघायला आला तर तो काय आपला पाहुणा होतो?

"निर्दोष," ते म्हणाले. "पाठव."

पुढच्या सोमवारी मास्तर पेपर वाचायला आले नाहीत. ते साडेदहाला आले, हातात पत्र घेऊन, आणि खुर्चीवर न बसता उभे राहिले.

"नाना," ते म्हणाले, "मिनिटाला अकरा थेंब?"

माई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सूनबाई बिट्टीला भरवत होती, तिचा चमचा हवेत राहिला. मास्तरांनी पत्र उघडून, सहावीच्या वर्गाला धडा वाचून दाखवावा तसं वाचलं. आपल्या मोरीतून आमच्या अशिलांच्या जेवणाच्या टेबलावर सातत्याने पाणी गळत असून, सामोपचाराने तोडगा निघावा अशी इच्छा आहे, वगैरे. भाषा अतिशय सभ्य होती, म्हणून मास्तरांना जास्त लागली होती.

"याच टेबलावर मी आठ वर्षं पेपर वाचतोय," मास्तर म्हणाले. "एक थेंब माझ्या टकलावर पडल्याचा साक्षीदार आणा."

"अहो, तुम्ही चष्म्याचा नंबर बघायला गेला होतात ना?" माई म्हणाल्या.

"बघितला ना. एकशे बारा."

"बदक!" बिट्टी छताकडे बोट दाखवून ओरडली. त्या खोलीत खरं बोलणारी तेवढी एकच होती.

सूनबाईने पत्र मास्तरांच्या हातून घेतलं, वरचं फर्मचं नाव वाचलं, आणि मग फक्त एवढंच विचारलं, "नाना, तुम्ही गेलात कधी?"

"मंगळवारी."

"आणि मी चौदाव्याला 'नाही' लिहिलं बुधवारी."

दुसऱ्या दिवशी फर्मची मेल आलीच. ते प्रत्येक अर्जदाराचं नाव आणि पत्ता आपल्या अशिलांच्या यादीशी ताडून बघत. घरचंच माणूस अशील असेल तर ट्रेनीच्या हाती नको ते कागद पडू नयेत, म्हणून. सूनबाईचा पत्ता एका अशिलाच्या पत्त्याशी तंतोतंत जुळला होता, पिनकोडसकट. प्रश्न चौदाच्या उत्तराचा खुलासा घेऊन शुक्रवारी अकरा वाजता या, असं म्हटलं होतं.

नानांनी लगेच तीन मार्ग सुचवले. पहिला, ती मेलच बनावट असावी. दुसरा, एका पत्त्यावर दोन निरनिराळी कुटुंबं राहतात असं सांगावं. तिसऱ्या मार्गात मास्तर मधेच घर सोडून जात होते.

"नाना," सूनबाई म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. "माझ्याकडे दाखवायला दुसरं काहीच नाही हो. अनुभव नाही, ओळख नाही, दोन वर्षं घरी होते. मी खरं लिहिते, एवढंच त्या पानावर होतं. आता तेही खोटं दिसतंय."

ती बिट्टीला घेऊन आत गेली. नाना टेबलापाशी बसून राहिले. नुसता तंटा मागे घेतला तरी ते 'नाही' खोटंच ठरणार होतं. ते खरं ठरायला एकच कागद उपयोगी होता: तंटा बनावट होता आणि सुनेला त्याचा पत्ता नव्हता, असं खुद्द अर्जदाराच्या सासऱ्याने लिहून द्यायला हवं होतं. म्हणजे एकतीस वर्षं लोकांची खोटी कागदपत्रं पकडणाऱ्या भिंगाने, आपण एक खोटा कागद केला, असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आणि खाली सही.

एवढं करूनही दस्त पुरा होत नव्हता. साक्षीदार हवा होता, आणि तो प्रकरणाशी संबंधित असेल तर उत्तम.

गुरुवारी सकाळी नाना जिना चढून मास्तरांकडे गेले. आठ वर्षांत पहिल्यांदाच. जिन्यात प्लंबर लांबलचक पाइप घेऊन वरच निघाला होता.

"हा कशाला आलाय?" नानांनी दारातच विचारलं.

"नळाचा वॉशर," मास्तर म्हणाले. "का, त्यावरही नोटीस आहे का?"

नानांनी अपमान गिळला आणि कागद पुढे केला. मास्तरांनी लाल पेन शोधून आणलं. सवय, दुसरं काय. 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की माझ्या घराच्या छतातून पाणी गळत असल्याचे माझे म्हणणे खोटे होते. ते मी फर्मची पारख करण्यासाठी रचले. माझ्या सुनेस याची काडीमात्र कल्पना नव्हती.' मास्तर हे हळूहळू, चवीने वाचत होते. दोनदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, "एक ओळ राहिली."

"कुठली?"

"'सदर छतातून यापुढेही पाणी गळणार नाही, व गळल्यास माझी तक्रार राहणार नाही.' एवढं घाला, की करतो सही."

"याची गरज काय?"

"दस्त पक्का नको का व्हायला? तुम्हीच सांगता ना, जागा मोकळी सोडू नये."

नानांनी ओळ घातली. मास्तरांनी सही केली, एवढी मोठी की तिरकी रेघ मारायला जागाच उरली नाही.

शुक्रवारी सकाळी कागद टेबलावर होता आणि नाना बुटाच्या नाड्या बांधत होते, तेवढ्या वेळात बिट्टीने लाल खडूने समासात आपलं मत नोंदवलं. नवा कागद लिहायला वेळ नव्हता. नानांनी क्षणभर डोळे मिटले, मग नियमाप्रमाणे समासात लिहिलं: 'येथील लाल रेघोट्या वय वर्षे दोन हिच्या हातच्या असून त्या दस्ताचा भाग नाहीत,' आणि शेजारी सही केली.

फर्मच्या मोठ्या वकीलबाईंनी दोघांनाही आत बोलावलं. त्यांनी कागद वाचला. समासापाशी आल्यावर तो जरा डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, हे नानांच्या नजरेतून सुटलं नाही.

"तुम्ही आमची तपासणी केलीत," त्या वळून म्हणाल्या. "काही सापडलं?"

"फॉर्मच्या तिसऱ्या पानावर स्वल्पविराम," नाना म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "बाकी जे खोटं सापडलं ते माझंच होतं. ती पोरगी मात्र एक अक्षर खोटं लिहीत नाही. मी एकतीस वर्षं कागद बघितलेत. तिच्या पानाइतका स्वच्छ कागद माझ्या टेबलावर आला नाही."

सूनबाईने चटकन त्यांच्याकडे पाहिलं. घरात ते 'निर्दोष' यापलीकडे कधी गेले नव्हते.

"आमच्याकडेच का यायचंय?" बाईंनी तिला विचारलं.

"पानावर लिहिलं होतं ते आहेच," सूनबाई म्हणाली. "पण आता अजून एक कारण आहे. यांचं खोटं घरात आम्हाला कुणाला कळलं नाही. तुमच्याकडे ते एका यादीत सापडलं. सगळं इतकं ताडून बघायला कसं शिकतात, ते मला शिकायचंय."

"कळवू," बाई म्हणाल्या.

'कळवू' या शब्दाचा अर्थ नाना पुढचे पाच दिवस लावत होते. त्यांना तो अजिबात चांगला वाटत नव्हता.

सहाव्या दिवशी दोन पत्रं आली. एकात, आपलं प्रकरण बंद करण्यात आलं असून यापुढे आपण आमचे अशील नाही, असं नानांना कळवलं होतं. दुसरं सूनबाईचं होतं. एक तारखेपासून रुजू व्हावं. खाली शाईने एक ओळ लिहिली होती: 'लाल रेघोट्यांच्या लेखिकेस नमस्कार.'

सूनबाई ते वाचून हसली, मग रडली, मग बिट्टीला उचलून गरगर फिरवायला लागली. माई पदराने डोळे टिपत चहाकडे वळल्या. पत्र नानांकडे आलं. ते जेवणाच्या टेबलापाशी बसले, भिंग काढलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला लागले. जावक क्रमांक बरोबर. तारीख बरोबर. सही खरी, शाई ओली असताना हात लागलेला नाही. आडनावाची वेलांटीसुद्धा बरोबर.

तेवढ्यात टप्‌ असा आवाज झाला.

सहीच्या बोटभर अंतरावर पाण्याचा एक थेंब पडला होता. नानांनी झटकन पत्र छातीशी धरलं आणि वर पाहिलं. बदक ओलं झालं होतं. त्याच्या चोचीशी दुसरा थेंब हळूहळू गोल होत होता.

"बदक शू!" बिट्टी आनंदाने ओरडली.

"काय झालं हो?" माईंनी आतून विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. त्यांनी पत्र सूनबाईच्या फायलीत कोरडं ठेवलं, फडताळातून पातेलं आणून बदकाखाली सरकवलं, आणि मनगट पुढे करून घड्याळाकडे बघत राहिले. पूर्ण एक मिनिट.

बरोबर अकरा.

नाना पातेल्याशेजारी सावकाश बसले आणि त्या गुरुवारच्या जिन्याचा, लांबलचक पाइपचा आणि मास्तरांनी आग्रहाने घालायला लावलेल्या त्या एका ओळीचा, पहिल्यापासून नीट विचार करू लागले.